टेम्पोवर ट्रॉली बांधायची कशी? दिवे घाटात थोडक्यात वाचलो

छोटा_हत्तीवाला:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचायला येतो, लिहायचा कंटाळा. पण परवापासून डोक्यातून एक गोष्ट जात नाही म्हणून विचारतोय.

माझा छोटा हत्ती आहे, २०१७ चा, उघड्या हौद्याचा. हडपसरला एका शोरूमची डिलिव्हरी करतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, मधूनच एखादं लोखंडी कपाट. मी आणि माझा भाचा, दोघंच. माल चढवायला-उतरवायला एक उभी ट्रॉली आहे, जिना चढणारी, तीन-तीन चाकांचे पंखे असतात ना खाली, ती. खालच्या लोखंडी प्लेटला आम्ही जीभ म्हणतो. फ्रिजखाली जीभ सारायची, पट्टा आवळायचा, की भाचा एकटा दुसऱ्या मजल्यावर नेतो. वजन १८ किलो. हे वजन मला परवापर्यंत माहीत नव्हतं. झाल्या प्रकारानंतर भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून बघितलं.

ही ट्रॉली आजवर मी मागच्या फाळक्याला बाहेरून लटकवत आलो. वरचा दांडा फाळक्यावर अडकवायचा आणि खाली एक बंजी, म्हणजे ती हूकवाली रबरी दोरी, ताणून मारायची. चार वर्षं असंच चाललं. सोयीचं पडतं, कारण गाडी थांबली की सगळ्यात आधी हात ट्रॉलीलाच जातो, आणि गाडी निघताना सगळ्यात शेवटी तीच चढते.

परवा सासवडला दोन डबल डोअर आणि एक मशीन टाकून रिकामे परत येत होतो. संध्याकाळचे साडेसहा. वारीत माउलींची पालखी चढते त्याच दिवे घाटातून खाली उतरत होतो. खाली मस्तानी तलाव दिसायला लागतो त्या अंगाला रस्ता उकरलेला होता, कडेला बोटभर उंचीचा काठ. मी वेग कमी केला होता, पण रिकामी गाडी हो, पाटे, म्हणजे खालच्या स्प्रिंगा, कडक, मागचं बूड टणकन उडालं. मग खण्ण असा आवाज. आरशात बघतो तर ट्रॉली रस्त्यावर आडवी पडून गाडीच्या मागोमाग घसरत येतेय आणि तिच्या खालून ठिणग्या.

मागे एक दूधवाला होता मोटरसायकलवर, दोन्ही बाजूंना कॅन. त्यानं गाडी कशी वळवली त्यालाच ठाऊक. पडला नाही, पण एका कॅनचं झाकण उडालं आणि दूध पार रस्त्याच्या उतारावरून वाहत गेलं. मी धावत गेलो. वाटलं आता कानाखाली बसणार. त्यानं गाडी स्टँडला लावली, ट्रॉलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "दादा, सकाळच्या फेरीला मागं पोरगी असते माझ्या." दहा लिटरचे पैसे घेतले. मी जास्त देत होतो, ते त्यानं घेतले नाहीत.

आता खरी गंमत ऐका. बंजी तुटली नव्हती! हूक वाकला नव्हता. फाळक्याच्या कडीत तसाच अडकलेला, दोरी लोंबकळतेय. मग ट्रॉली सुटली कशी? हे मला अजून नीट कळलेलं नाही.

तर जाणकारांनो, ट्रॉली ठेवायची कुठे, बांधायची कशाने, आणि दिवसातून पंधरा वेळा काढ-घाल करायची असली तर भाचा कंटाळून तसाच निघणार नाही अशी काय सोय करावी? आणि बंजीची दोरी दुप्पट केली तर चालेल का?

---

रिकामा_ट्रक:

आत टाका की राव हौद्यात. बाहेर कशाला लटकवायची? एवढा विचार!

---

छोटा_हत्तीवाला:

टाकून बघितलंय भाऊ. आडवी टाकली की वळणावर इकडून तिकडे जाते. मागच्या वर्षी एका मशीनच्या खोक्याला जिभेनं भोक पाडलं, आतल्या पत्र्यालाही पोचा. शोरूमनं पैसे माझ्या बिलातून कापले. आणि एकदा सिग्नलला करकचून ब्रेक मारला तेव्हा ट्रॉली येऊन केबिनच्या मागच्या जाळीवर अशी आदळली की भाचा खाली वाकला. जाळी होती म्हणून. नुसती काच असती तर विचारू नका.

---

स्टुटगार्टकर:

तुमचा "सुटली कशी" हा प्रश्न आधी घेतो, कारण उत्तर त्यातच आहे.

बंजी रबराची. ती ओढून धरते, पण अडवून धरत नाही. गाडीचं बूड उडालं तेव्हा ट्रॉलीही वर उडाली, रबर ताणलं गेलं आणि दांडा फाळक्याच्या वर आला. दांडा एकदा सुटला की ट्रॉली मागे कलंडली आणि हुकातून निसटली. रबराला त्याचं कामच ते, ताणलं जाणं. म्हणून बंजीची दोरी दुप्पट करून काही होणार नाही, फार तर दोन इंच उशिरा सुटेल. शिवाय ताणलेला हूक डोळ्याच्या उंचीवर असतो. काढताना हातातून निसटला तर सरळ तोंडावर येतो. ही वस्तू ताडपत्रीची कड दाबायला ठीक आहे, लोखंड धरायला नाही.

आता जोर किती लागतो ते बघू. युरोपात माल बांधण्याचा जो हिशेब वापरतात, त्यात पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट, दोन्ही बाजूंना आणि मागे ०.५ पट जोर धरतात. तुमच्या १८ किलोला पुढे साडेचौदा किलो आणि बाजूला नऊ किलो. एवढं तर सुतळीचे चार फेरेही पेलतील. म्हणजे प्रश्न ताकदीचा नाहीच. प्रश्न ढिलाईचा आहे. बोटभर जागा हलायला मिळाली की प्रत्येक खड्ड्याला वस्तू थोडी थोडी आपली सुटका करून घेते.

पण सुटल्यावर मात्र तीच १८ किलोची वस्तू काय करते बघा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी वस्तू म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून पडलेली वस्तू. तिमजली इमारतीच्या गच्चीवरून ट्रॉली खाली सोडायची आणि खाली कोणीतरी उभं आहे, असं समजा.

इथे मी एका गोदामात काम करतो. जर्मनीच्या वाहतूक नियमांतलं २२ वं कलम मला पहिल्याच आठवड्यात पाठ करायला लावलं. त्यात फक्त माल म्हटलेलं नाही, माल चढवायची साधनं आणि माल बांधायची साधनंही नीट बांधलेली पाहिजेत असं स्पष्ट लिहिलंय. पूर्ण ब्रेक मारला किंवा एकदम वळवली तरी ती सरकता, कलंडता, लोळता, पडता कामा नये. आणि पुढे लिहिलंय, टाळता येण्यासारखा आवाजही करता कामा नये. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, आता नाही येत. खडखड वाजणारी वस्तू म्हणजे सुटू पाहणारी वस्तू.

---

वेल्डिंगवाला_मिरज:

भावा, असले स्टँड मी बनवून दिलेत. पाण्याच्या जारवाल्यांना, खताच्या दुकानदारांना, एका शीतपेयवाल्याला तर सहा गाड्यांना. सांगतो ते नीट वाच, आणि जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याला दाखव. हजार-दोन हजारांत काम होतं.

पहिलं म्हणजे फाळका सोड. मागं लटकवलं की नंबरप्लेट झाकते, टेललाइट झाकतो, आणि फाळका स्वतःच बिजागरीवर लटकणारा. लटकणाऱ्यावर लटकवायचं म्हणजे काय? जागा एकच, हौद्याचा पुढचा डावा कोपरा, केबिनच्या मागच्या भिंतीला टेकून. डावा का, तर गाडी कडेला लावली की तू फुटपाथच्या बाजूला उभा असतोस. उजव्या बाजूला उभं राहून ट्रॉली उतरवणारा माणूस वाहनांकडं पाठ करून उभा असतो. बाजूची भिंत कमी उंचीची आहे, दोघं आहात, वरून उचलून घेता येईल. फ्रिज उतरवल्याशिवाय ट्रॉली निघत नाही, ही रडगोष्टच उरत नाही.

आता धरायची कशी. ट्रॉली उभी, जीभ केबिनकडं, चाकं मागं. हौद्याच्या तळाला एक कमान बोल्ट करायची, ४० बाय ५ मिलिमीटरच्या पट्टीची, उलट्या यू सारखी बसकी. जीभ त्या कमानीखाली पुढं सरकवायची. झालं, आता ती वर उडू शकत नाही. तुझ्या ट्रॉलीनं नेमका तिथंच मार खाल्ला होता. कमानीचे दोन पाय डावी-उजवीकडं जाऊ देत नाहीत, भिंत पुढं जाऊ देत नाही. राहिलं फक्त मागं कलंडणं. त्याला वर, छातीच्या उंचीला, भिंतीवर एक खोबण. ट्रॉलीचा आडवा दांडा खोबणीत बसतो, वरून बिजागरीची झडप पडते आणि झडपेतून पिन. पिन वरून खाली घालायची, आडवी नाही. आडवी पिन हादऱ्यानं सरकत सरकत बाहेर येते. उभी पिन स्वतःच्या वजनानं आत बसते. खाली आरपिन, म्हणजे ती R आकाराची तारेची चाप, मार आणि पिनला वीतभर साखळी लाव, नायतर आठवड्यात हरवते. मग पोरं पिनेच्या जागी खिळा घालतात, स्क्रू ड्रायव्हर घालतात. एकानं चमचा घातलेला मी डोळ्यानं बघितलाय.

लोखंडाला लोखंड भिडू देऊ नको. ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी खोबणीत आणि कमानीच्या आतून चिकटव. जिभेच्या वर, ट्रॉली आणि भिंतीच्या मधे जी पोकळी राहते तिथं तुझ्या गोधड्या आणि पट्टे बसतील. जागा फुकट जात नाही.

स्टँड बाहेर टेबलावर वेल्ड करून घे आणि गाडीला बोल्टनंच बसव. पत्र्याच्या मागून हाताच्या पंजाएवढी जाड प्लेट दे. नुसता वॉशर दिला तर पत्रा सहा महिन्यांत बोल्टभोवती फाटतो. नट नायलॉनवाले, साधे नकोत.

---

डेपो_काका:

मिरजेच्या भाऊंनी उत्तम सांगितलंय, मी फक्त गाडीच्या बाजूने बोलतो. एसटीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं काढली आहेत.

ड्रिल लावण्याआधी गाडीखाली झोपा आणि डोळ्यांनी बघा. हौद्याच्या तळाखाली ब्रेकचा पाइप, वायरिंगची जुडी, डिझेलची टाकी, काय कुठून गेलंय ते खडूने वर काढून घ्या. सीएनजी गाडी असेल तर तिच्या नळीच्या जवळपास भोकच पाडू नका. ड्रिलच्या बिटाला मागे लाकडी ठोकळा धरायला माणूस हवा. चेसिसला भोक नाही, चेसिसला वेल्डिंग तर मुळीच नाही. आणि काही कारणाने गाडीवर वेल्डिंग करायचीच वेळ आली तर बॅटरीची दोन्ही टोकं आधी काढा.

गाडी २०१७ ची म्हणजे आठ वर्षं उलटून गेली, आता दर वर्षी पासिंग. स्टँड हौद्याच्या आत आहे, बाहेर काही डोकावत नाही, तर सहसा कोणी हरकत घेत नाही. पण फाळक्याबाहेर वस्तू लटकवणं वेगळं. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला जी दुरुस्ती झाली, तिच्यात कलम १९४ मध्ये एक पोटकलम आलं. माल किंवा कुठलीही वस्तू गाडीच्या अंगाबाहेर, पुढे, मागे किंवा वर मर्यादेपलीकडे गेली तर २०,००० रुपये दंड, वर ती उतरवायचा खर्चही तुमचाच. दहा लिटर दुधात सुटलात.

दोरीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. आमच्या काळी एसटीच्या टपावर सामान जायचं. पाट्या, ट्रंका, कोंबड्यांच्या डालग्या, एकदा तर अख्खी शिवणयंत्राची जोडी. तागाची दोरी असायची. ती भिजली की आखडते, वाळली की सैल पडते. म्हणून पावसात बांधलेला माल ऊन पडल्यावर पुन्हा आवळावा लागायचा. नवा कंडक्टर विसरायचा, जुना घाटाच्या आधी थांबून हात लावून यायचा. नायलॉनचं उलट, ती ओली झाली की ताणते. बाजारातली निळी-पिवळी प्लॅस्टिकची दोरी उन्हात कुजते. बाहेरून ठीक दिसते आणि नखाने खरवडली की भुसा निघतो. तेव्हा स्टँड आहे म्हणून थांबू नका, त्यावरून एक इंचभर रुंदीचा रॅचेटचा, म्हणजे खटक्याने आवळायचा, पट्टा मारा. पॉलिएस्टरचा घ्या, तो फार ताणत नाही. पिन विसरली तर पट्टा आहे, पट्टा विसरला तर पिन आहे. दोन्ही विसरणारा माणूस गाडीवर ठेवू नये.

बोल्ट बसवल्यावर शंभर किलोमीटर चालवून पुन्हा पाना लावा. नवा बोल्ट पहिल्या शंभरात हमखास बसतो, म्हणजे सैल होतो.

---

जारवाला:

एक राहिलं. कुलूप! माझी ट्रॉली भर दुपारी गेली. मी तिसऱ्या मजल्यावर दोन जार घेऊन गेलो, खाली आलो तर ट्रॉली नाही, रिकामे जार मात्र तसेच. पिनेला भोक मोठं ठेवा म्हणजे रात्री त्यातच कुलूप घालता येतं.

आणि झडप पडताना बोट सापडतं बरं का. माझं सापडलंय, नख आजही काळं आहे. झडपेला बाहेरून एक कान काढून घ्या, पकडायला.

---

रिकामा_ट्रक:

एवढं सगळं १८ किलोच्या ट्रॉलीसाठी? मी तर फ्रिजच्याच मागे कोंबतो, फ्रिजच धरून ठेवतो तिला.

---

छोटा_हत्तीवाला:

जाताना धरतो. येताना फ्रिज गिऱ्हाइकाच्या घरी असतो, तेव्हा कोण धरणार? माझी पडली ती येतानाच. सगळ्यांचं वाचून एवढं तर लक्षात आलं, की भरलेल्या गाडीत माल ट्रॉलीला सांभाळतो आणि गाडीही दबून चालते. रिकामी झाली की गाडी उडते आणि ट्रॉली एकटी पडते. चार वर्षं मला वाटायचं, आता काय, माल उतरला, काळजी संपली. येताना गाणी मोठी लावायचो. ट्रॉली वाजत असली तरी ऐकू कशी यायची!

कामाला लागतो. झालं की सांगतो.

---

छोटा_हत्तीवाला (तीन आठवड्यांनी):

सांगतो म्हणालो होतो, आलो.

फुरसुंगीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलं. मिरजेच्या भाऊंचं उत्तर मोबाइलवर त्याच्या समोर धरलं. आधी तो "हे काय, मी बघतो माझ्या पद्धतीनं" म्हणाला. मग दोनदा वाचलं आणि गप कागदावर आकृती काढायला बसला. लोखंड, मजुरी, बोल्ट धरून १,८५० रुपये. पट्टा वेगळा.

काकांनी सांगितल्याप्रमाणे मी स्वतः गाडीखाली झोपलो. बरं झालं. ज्या जागेवर तो पहिलं भोक पाडणार होता, बरोबर तिच्या खालून टेललाइटची वायर गेली होती. कमान चार बोटं आतल्या अंगाला घेतली.

चुका झाल्याच. कमान त्यानं अगदी मापात केली, जीभ जेमतेम आत जाईल अशी. दुकानात झकास बसली. दुसऱ्या दिवशी मांजरी गावात एका साइटवर चिखलातून ट्रॉली ओढली, जिभेला चिखल आणि बारीक खडी चिकटली, आणि आत जाईना. भाच्यानं लाथ घालून घातली, मग निघेना. शेवटी टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, उचकटली. परत जाऊन कमान उंच करून घेतली. आता मधे बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी फट आहे, आणि ती ट्यूबच्या दुहेरी पट्टीनं भरून काढलीय. खडी आली तर रबरात रुतते, अडकत नाही. शिवाय कमानीच्या पुढच्या कडा थोड्या वर वाकवून घेतल्या, म्हणजे अंधारात चाचपडत सरकवली तरी जीभ आपोआप आत जाते.

हलतेय की नाही हे बघायला मी एक उद्योग केला. काकांचा खडू डोक्यात होताच. ट्रॉलीच्या दांड्यावरून खोबणीवर सलग एक रेघ मारली, वर एक आणि खाली एक. पट्टा न लावता, हौद्यात काही नाही अशी रिकामी गाडी घेऊन मुद्दाम पाच-सहा स्पीडब्रेकरवरून घातली. उतरून बघतो तर खालची रेघ जुळलेली, वरची अर्धा इंच तुटलेली. खोबणीत अजून एक पट्टी रबर घातलं. पुन्हा चक्कर. रेघेला रेघ! भाचा म्हणतो, मामा, एवढ्या वेळात दोन डिलिव्हऱ्या झाल्या असत्या. त्याचं काय चुकलं म्हणा, डिझेल माझं होतं.

त्याच भाच्यानं चौथ्या दिवशी पिन घातलीच नाही. झडप नुसती टेकवली आणि "झालं मामा" म्हणून येऊन बसला. पट्टा होता म्हणून काही झालं नाही. ओरडलो नाही, कारण त्याच्या वयात मी याहून भारी प्रताप केलेत. दुसऱ्या दिवशी लाल ऑइलपेंटचा छोटा डबा आणला आणि झडपेची आतली बाजू रंगवली. पिनेची जागा अशी केली की पिन पूर्ण बसल्याशिवाय झडप सपाट होत नाही, थोडी उचललेली राहते आणि तिच्या फटीतून लाल दिसतं. ड्रायव्हरच्या सीटवरून मान वळवली की मागच्या काचेतून, जाळीच्या पलीकडे, ती झडप बरोबर नजरेत येते. लाल दिसलं की गाडी निघत नाही. आता भाचा स्वतःच चढायच्या आधी तिकडे बघतो आणि हातानं एकदा हलवतो. जारवाल्या दादांचं ऐकून झडपेला कानही काढलाय, बोटं शाबूत आहेत.

डाव्या कोपऱ्यामुळे एक फायदा असा झाला जो मी धरलाच नव्हता. गल्लीत गाडी लावली की मागचा फाळका मोकळा राहतो, उघडायला ट्रॉली आधी काढावी लागत नाही. आधी दोन कामं होती, आता एकच. वेळ वाचतो की नाही ते माहीत नाही, पण कटकट वाचली.

रविवारी पुन्हा सासवडची फेरी होती. येताना त्या उकरलेल्या जागेला गाडी बैलगाडीसारखी हळू काढली. गाणी बंद. ट्रॉलीचा आवाज शून्य.

पण काका, एक अडलंय. ट्रॉली गप झाली तर आता दुसराच आवाज ऐकू यायला लागलाय. ३०-४० च्या वेगाला टक-टक, टक-टक, डावीकडून. खडूच्या रेघा जुळलेल्या आहेत, बोल्टांना पाना लावला, पट्टा आवळलेला. पाट्याचं काही असेल का? की स्टँडचा पत्रा?

---

डेपो_काका:

पाट्याचा आवाज असा मोजून येत नाही, तो खड्ड्यागणिक येतो. भाचा बसतो त्या सीटखाली बघा. जॅक आणि पाना कशाने बांधलाय?

---

छोटा_हत्तीवाला:

जॅकच होता. आणि कशाने बांधला होता विचारू नका.

बंजीनं.